बेंबी म्हणजे कानाची पाळी नव्हे

सोनाराकडे टोचलेले कान दीड-दोन महिन्यांत भरून येतात. बेंबीला मात्र सहा महिने ते वर्ष लागते आणि तोवर ती जखमच असते. दिवाळीनंतरच्या मंडईत (गावच्या मेळ्यात) किंवा जत्रेत पाच मिनिटांत बेंबी टोचून घेणाऱ्या मुलींना हे सहसा कोणी सांगत नाही.

टोचतात ती खरे तर बेंबीच्या वरच्या काठावरची कातडीची घडी. ज्यांना अशी ठळक घडीच नाही, त्यांनी हा नाद सोडावा. खोकताना किंवा वजन उचलताना बेंबी फुगून बाहेर येत असेल, तर तो हर्निया असू शकतो. आत आतडे असण्याची शक्यता असते. तिथे सुई लावूच नये.

जखम लवकर न भरण्याचे कारण जागेतच आहे. बेंबीच्या खळग्यात घाम आणि मळ साचतो, वारा लागत नाही. त्यात आपली कामे. सलवारीचा नाडा किंवा लुगड्याची गाठ नेमकी तिथेच घासते. कापूस वेचताना कमरेला बांधलेली ओटी भरत जाते तसा तिचा भार पोटावर येतो. धानाच्या रोवणीत बांधीतल्या चिखलपाण्यात दिवसभर वाकून राहावे लागते. दरवेळी दागिना हलतो, आतली कोवळी कातडी फाटते आणि जंतूंना वाट मिळते. टोचायचेच असेल तर रोवणी-वेचणीचा हंगाम टाळावा, मे महिन्याचा उन्हाळाही.

सर्वांत मोठा धोका सुईचा. हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. एकच सुई दोघींना वापरली, तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. लायटरवर सुई तापवल्याने तिच्यावर काजळी धरते. निर्जंतुक झाल्याची खात्री नसते. उकळत्या पाण्यात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू टिकतात. म्हणून सीलबंद, पोकळ, एकदाच वापरायची सुई तुमच्यासमोर फोडली पाहिजे. बाकी अवजारे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) 121 अंशांवर निर्जंतुक केलेली हवीत. कान टोचायची बंदूक बेंबीला चालत नाही: ती कातडी चिरडते आणि तिचे प्लास्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये टिकत नाहीत. हिपॅटायटिस बीची लस राष्ट्रीय लसीकरणात देशभर आली ती 2011 मध्ये, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांनी आपले डोस झालेत का ते आधी तपासावे. धनुर्वाताचे इंजेक्शनही.

दागिन्याची धातूही बघा. जत्रेतल्या ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये चांदी नसतेच, तांबे, जस्त आणि निकेल असते. निकेलची ॲलर्जी झाली की खाज, पुरळ, पाणी सुटणे सुरू होते आणि ती आयुष्यभर पाठ सोडत नाही. खरी चांदीसुद्धा ताज्या जखमेत काळे डाग सोडू शकते. इम्प्लांट दर्जाचे टायटॅनियम सर्वांत निर्धोक. दांडी साधारण 1.6 मिमी जाड, 10 ते 12 मिमी लांब हवी. सुरुवातीला सूज येते, आखूड दांडी मांसात रुतते. भोक फार वरवर पाडले तर शरीर दागिना हळूहळू बाहेर ढकलते: दोन भोकांमधली कातडी पातळ, लाल होते आणि आतली दांडी दिसू लागते. तसे दिसताच दागिना काढून घ्यावा, नाहीतर कातडी चिरून कायमचा व्रण राहतो.

रोज दोनदा साबणाने हात धुऊन निर्जंतुक सलाईनने जखम पुसावी. औषध दुकानात 100 मिलीची बाटली मिळते. फोडली की त्याच दिवशी संपवावी. घरी करायचे तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात 9 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा मीठ. हळद, खोबरेल, चुना, राख यांतले काहीही नको. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, नवी कातडीच त्याने जळते.

पांढरट पाणी येऊन वाळणे स्वाभाविक आहे. पिवळा-हिरवा पू, ठसठस, पसरत जाणारी लाली किंवा ताप मात्र नाही. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. लाली रेघेबाहेर गेली तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. घाबरून दागिना स्वतः काढू नका, कारण भोक वरून बुजते आणि पू आत कोंडून गळू होते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांची प्लीहा (रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव) नीट काम करत नसल्याने साधा संसर्गही रक्तात पसरू शकतो, वेदनांचा झटका उठू शकतो. सिकलसेल किंवा मधुमेह असलेल्यांनी बेंबी टोचू नये. आधीच टोचली असेल आणि ताप आला, तर सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे आणि बेंबी टोचल्याचे डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगावे.