एसएमएसमध्ये मराठीला 70च जागा का?

मोबाइलवर एसएमएस लिहायला घेतला की अनेक फोनवर कोपऱ्यात एक आकडा उलटा मोजत जातो. रोमन लिपीत लिहिताना तो 160 पासून उतरतो. पहिलेच अक्षर देवनागरीत उमटले की तो थेट 69 वर येतो. यात फोनचा काही दोष नाही. युरोपात 1980 च्या दशकात झालेल्या एका निवडीचा हा परिणाम आहे आणि मराठीत संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाला तो आजही भोगावा लागतो.

आज आपण ज्याला टूजी म्हणतो त्या जीएसएम यंत्रणेची तेव्हा आखणी चालू होती. आवाज वाहून नेणाऱ्या मार्गाखेरीज टॉवर आणि फोन यांच्यात आणखी एक मार्ग असतो, तो सिग्नलिंगचा. फोन कोणत्या भागात आहे, त्याची घंटी कधी वाजवायची अशा सूचना त्यावरून जातात. सूचना नसतात तेव्हा हा मार्ग मोकळा असतो. त्या मोकळ्या जागेतून छोटा मजकूर पाठवावा, ही एसएमएसमागची कल्पना. एसएमएस म्हणजे शॉर्ट मेसेज सर्व्हिस, आणि यातला ‘शॉर्ट’ अगदी खरा आहे, कारण सिग्नलिंगच्या एका खेपेत फार काही मावत नाही. मजकुरासाठी 140 बाइट, म्हणजे 1120 बिट, एवढी जागा ठरली. (बिट म्हणजे 0 किंवा 1 मावेल एवढी सर्वांत लहान जागा; 8 बिटांचा एक बाइट.)

एवढ्यात माणसांचे भागेल का? जर्मन अभियंता फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी 1985 मध्ये बॉन शहरात टाइपरायटरवर मनात येतील ती वाक्ये लिहून त्यांतली अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये 160 च्या आत संपली. पोस्टकार्डांवरचा मजकूरही सहसा तेवढाच भरतो, असे त्यांना दिसले. पुढे 3 डिसेंबर 1992 रोजी ब्रिटनमध्ये नील पॅपवर्थ यांनी पहिला एसएमएस पाठवला. त्यातल्या ‘मेरी ख्रिसमस’ या इंग्रजी शुभेच्छेला मधली मोकळी जागा धरून अवघी 15 स्थाने लागली.

160 हा आकडा बसवण्यासाठी प्रत्येक चिन्हाला 7 बिट दिले गेले. 7 बिटांत 128 वेगवेगळी चिन्हे ओळखता येतात. रोमन अक्षरे, अंक, विरामचिन्हे, युरोपातली काही स्वरचिन्हांची अक्षरे आणि थोडी ग्रीक अक्षरे यांनीच 128 चिन्हांचा तो तक्ता भरला. 1120 भागिले 7 बरोबर 160. देवनागरीला त्या तक्त्यात जागाच नव्हती. म्हणून इतर लिप्यांसाठी यूसीएस-2 ही दुसरी पद्धत आली. तिच्यात प्रत्येक चिन्हाला 16 बिट लागतात. 1120 भागिले 16 बरोबर 70.

इथवरचे गणित सोपे आहे. मराठी माणसाने खरे लक्ष द्यावे असा भाग यानंतर येतो: फोन ज्याला एक चिन्ह म्हणून मोजतो, ते आपल्या मनातले एक अक्षर नसते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपण म, हा, रा, ष्ट्र असा चार अक्षरांचा वाचतो. यंत्र मात्र काना वेगळा मोजते आणि जोडाक्षरातला प्रत्येक हलन्तही वेगळा मोजते. त्यामुळे याच शब्दाला 10 स्थाने लागतात, म्हणजे 160 बिट. रोमन लिपीत त्याची 11 अक्षरे होतात, पण बिट लागतात फक्त 77.

मराठी शुद्धलेखनाची एक सवय इथे फार उपयोगी पडते. आपण ‘संबंध’ अनुस्वाराने लिहितो, त्याला 5 स्थाने पुरतात. तोच शब्द ‘सम्बन्ध’ असा लिहिला तर 7 लागतात. उलट ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला खास मराठी अर्धा र काही कीबोर्ड एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहितात. ते चिन्ह डोळ्यांना दिसत नाही, पण एक स्थान घेते. ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरणाऱ्या कीबोर्डवर ते स्थान वाचते.

हा तक्ता रोमन लिपीत लिहिणाऱ्यांनाही अडवतो. संपूर्ण इंग्रजी संदेशात एकच ₹ टाकला तरी साधारणपणे सगळा संदेश 16 बिटांच्या पद्धतीत जातो, कारण 2010 मध्ये स्वीकारलेले हे चिन्ह त्या 128 मध्ये नाही. इमोजीचेही तसेच, आणि बहुतेक इमोजी किमान दोन स्थाने खातात.

मजकूर 70 च्या पुढे गेला तर? फोन त्याचे तुकडे करून पाठवतो आणि पलीकडचा फोन ते जोडून सलग दाखवतो. कोणता तुकडा कितवा हे सांगायला प्रत्येक तुकड्यातले 6 बाइट जातात, म्हणून तेव्हा एका तुकड्यात 67 च चिन्हे बसतात. 71 चिन्हांचा मराठी संदेश म्हणजे दोन एसएमएस. घाऊक संदेश पाठवणाऱ्या संस्थांना तुकड्यागणिक पैसे पडतात आणि मराठी मागे पडण्याचे हे एक कारण ठरते. हा खर्च खरा आहे, पण तेवढ्यावरून मराठी रोमनमध्ये लिहिणे मला मान्य नाही. रोमनमध्ये ‘मला’ आणि ‘मळा’ एकसारखेच दिसतात. पाणी सोडण्याची वेळ किंवा औषधाचे प्रमाण सांगणाऱ्या संदेशात वाचणाऱ्याला अंदाज बांधायला लावणे धोक्याचे आहे.

मराठी एसएमएस आला की नुसत्या चौकटी दिसण्याचे दिवस आता मागे पडले आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर भारतीय भाषा वाचता याव्यात यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 16333 हे मानक आहे. इंटरनेटवरच्या संदेशांना 70 ची अट नाही हे खरे, पण साध्या फोनवर आणि डेटा बंद असतानाही पोहोचतो तो एसएमएसच. ओटीपी त्यावरच येतो आणि 2013 मध्ये सुरू झालेल्या एमकिसान सेवेतला शेती-हवामानाचा सल्लाही.

म्हणून असे संदेश लिहिणाऱ्यांनी काटछाट औपचारिकतेत करावी. ‘कृपया याची नोंद घ्यावी’ एवढ्यानेच 22 स्थाने जातात. ‘उद्या दुपारी विजांसह पाऊस. झाडाखाली थांबू नका.’ या दोन वाक्यांना 46 लागतात. उरलेल्या 24 मध्ये तालुक्याचे नाव आणि वेळ बसते.