हिंगूळ आधी पहिला होता: चिनी औषधींच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

चिनी वैद्यकात औषधींची पहिली मोठी मांडणी झाली ती दरबारातल्या मानपानासारखी. हान राजवटीच्या सुमारास, म्हणजे जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी, सिद्ध झालेल्या ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ या ग्रंथात वर्षाच्या दिवसांइतकी, म्हणजे 365 औषधं आहेत. त्यातली वरची 120 ‘राजे’: आयुष्य वाढवणारी, कितीही दिवस घेतली तरी अपाय न करणारी. मधली 120 ‘मंत्री’. उरलेली 125 हाताखालची माणसं. रोग हटवतात, पण बरीचशी विषारी, म्हणून फार दिवस घ्यायची नाहीत. थोडक्यात, आजारावर खरी धावून जाणारी औषधं सगळ्यात खालच्या पंगतीला! जिनसेंग ही ताकद देणारी मुळी वर, रेवंदचिनी आणि बचनागाच्या जातीचं ‘फूत्सी’ खाली. वरच्या पंगतीत अगदी पहिलं पान मात्र हिंगुळाचं, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचं.

याच ग्रंथाने पुढे टिकलेली दुसरी मोजपट्टीही दिली: औषधांच्या चार प्रकृती (थंड, शीतल, उबदार, उष्ण) आणि पाच चवी. थंडीच्या आजाराला उष्ण औषध, उष्णतेच्या आजाराला थंड. आपल्याला हे ओळखीचं वाटतं, फक्त आपले रस सहा. तिथे तुरट चव आंबटाच्या पोटात घालतात. प्रत्येक चवीला नेमून दिलेलं काम आहे. तिखट पसरवते, घाम आणते; कडू उतरवते, सुकवते; गोड भरून काढते; आंबट आवळून धरते; खारट घट्ट झालेलं मऊ करते. म्हणून गलगंडावर खारट समुद्रशैवाल. त्यात आयोडिन असतं हे कळायला पुढे कित्येक शतकं गेली, पण उपाय हाताला लागला होता. अर्थात ही चव दर वेळी जिभेवरचीच असते असं नाही. कित्येकदा परिणाम आधी पाहिला आणि चव मागून चिकटवली.

इसवी सन 500च्या आसपास ताओ होंगजिंग या पंडिताने औषधांची संख्या 730 केली. मूळ मजकूर लाल शाईत, स्वतःची आणि इतरांची भर काळ्या शाईत. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो. मानाच्या पंगती आत तशाच ठेवून त्याने वर दगड, झाडंझुडपं, प्राणी, फळं, भाज्या, धान्यं असे गट पाडले. बाराव्या शतकात झांग युआनसू या वैद्याने कोणतं औषध शरीरातल्या कोणत्या मार्गाने जातं, ही बाजू पद्धतशीर मांडली.

मग आला सोळाव्या शतकातला वैद्य ली शिजेन. त्याच्या ‘बेनत्साओ गांगमू’मध्ये 1892 औषधं, 16 विभाग, ग्रंथ पुरा झाला 1578 मध्ये, छापून आला 1596 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. विभागांची सुरुवात पाण्यापासून, शेवट माणसापाशी. अमरत्वासाठी पारा खाणाऱ्यांना त्याने चांगलंच फटकारलं. तांग घराण्यातले काही सम्राट अशाच रसायनांपायी गेले होते.

1956 मध्ये चीनमध्ये पारंपरिक वैद्यकाची सरकारी महाविद्यालयं निघाली. आजच्या पाठ्यपुस्तकांत प्रकरणं पडतात ती कामाप्रमाणे. त्यामुळे एकच आलं दोन ठिकाणी सापडतं: ओलं असताना उबदार, घाम आणून सर्दी घालवणाऱ्यांत, वाळलं की उष्ण, पोट आतून गरम करणाऱ्यांत. हिंगूळ आता मन शांत करणाऱ्या औषधांत बसतो. नावापुढे ‘विषारी’ असा शेरा आणि मात्रा 0.1 ते 0.5 ग्रॅम.