फ्लास्कमधे जी (g) वापरायचं की सेशन?

फ्लास्क, म्हणजे पायथनमधे वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क, शिकताना हा गोंधळ हमखास होतो. बिफोर रिक्वेस्टच्या, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी चालणाऱ्या, फंक्शनमधे आपण लॉगिन कोण आहे ते शोधतो, आणि मग तोच यूजर पान तयार करणाऱ्या व्ह्यू फंक्शनमधे हवा असतो, पण व्ह्यूला फ्लास्क बोलावतं, आपण नाही, त्यामुळे आर्ग्युमेंट म्हणून पाठवायची सोय नाही. मग कोणी जी वापरतं, कोणी सेशन, आणि लोकलवर दोन्ही चालल्यासारखं दिसतं म्हणून तसंच पुढे रेटलं जातं.

जी हा फ्लास्कचा तात्पुरता ऑब्जेक्ट, तो फक्त त्या एका रिक्वेस्टपुरता जगतो. रिस्पॉन्स गेला की साफ, पुढच्या रिक्वेस्टला ते परत रिकामं. त्यात काहीही ठेवा, डेटाबेस कनेक्शन ठेवा, अख्खा यूजर ऑब्जेक्ट ठेवा, काही अडत नाही.

सेशनचं तसं नाही. फ्लास्कचं डीफॉल्ट सेशन सर्व्हरवर नसतंच, ते कुकी बनून ब्राउजरमधे जातं आणि दर रिक्वेस्टला परत येतं. त्यावर सीक्रेट कीची सही असते त्यामुळे कोणी त्यात बदल केला तर पकडलं जातं, पण वाचायला मात्र कोणीही वाचू शकतं, म्हणून पासवर्ड, ओटीपी असलं काही त्यात अजिबात टाकू नका. शिवाय कुकीला साधारण 4 केबीची मर्यादा, आणि सगळं जेसनमधे (साध्या टेक्स्टमधे डेटा लिहायचा फॉरमॅट) बसायला लागतं, म्हणजे यूजर ऑब्जेक्ट टाकलात की एररच. अजून एक, सेशनमधल्या कार्ट लिस्टला नुसतं अपेंड केलंत तर फ्लास्कला बदल कळत नाही आणि पुढच्या रिक्वेस्टला ती वस्तू गायब! तिथे सेशन डॉट मॉडिफाइड ट्रू करावंच लागतं.

म्हणून माझ्या मते सरळ वाटणी अशी की लॉगिन झाल्यावर सेशनमधे फक्त यूजर आयडी ठेवायचा, बिफोर रिक्वेस्टमधे त्या आयडीवरून यूजर काढून जी डॉट यूजरमधे ठेवायचा, व्ह्यूने आणि टेम्प्लेटने तिथूनच घ्यायचा.

आणि प्लीज, ग्लोबल व्हेरिएबल नको. सर्व्हरवर अनेक थ्रेड चालू असतात, एकाचा यूजर दुसऱ्याच्या पानावर दिसला तर तो थेट प्रायव्हसीचा प्रश्न होतो.

जी डॉट यूजरवर ॲट्रिब्यूट एरर येत असेल तर आधी बघा बिफोर रिक्वेस्ट ब्लूप्रिंटवर (ॲपचा वेगळा काढलेला भाग) लावलंय का, कारण मग ते फक्त त्याच ब्लूप्रिंटच्या रूट्सना चालतं. सगळीकडे हवं असेल तर बिफोर ॲप रिक्वेस्ट लावा.