गुण्या, ओळंबा आणि चांदीचा सूर्य

दादरच्या पारशी कॉलनीतल्या एका ओळखीच्या घरी, कपाटाच्या आतल्या खणात, निळ्या मखमलीची चपटी डबी आहे. आत चांदीचं पदक आहे. उघडलेला कंपास, त्याच्या दोन टोकांना सांधणारी कमान, गुण्या आणि मधोमध किरणांसकट सूर्य. पाठीमागे पणजोबांचं नाव, लॉजचा क्रमांक ३४२ आणि साल. सूर्य दिसतो म्हणजे हे अग्यारीकडून मिळालेलं काहीतरी असणार, असंच घरात सगळे धरून चालले होते. पण हा सूर्य स्कॉटलंडचा आहे. तो मुंबईच्या एका पारशी गृहस्थाच्या छातीवर कसा आला, हे कळायला दगडाच्या कामापासून सुरुवात करावी लागते.

ब्रिटनमधले पाथरवट मोठी चर्च बांधायला वर्षानुवर्षं एकेका जागी मुक्काम ठोकत. बांधकामाला लागून जी शेड उभी राही, ती ‘लॉज’. हत्यारं तिथे ठेवायची, जेवण तिथेच, उमेदवारांना हुन्नर शिकवायचा तोही तिथेच. पुढे या मंडळींत असे लोक येऊ लागले ज्यांनी छिन्नी कधी हातात धरली नव्हती: जमीनदार, डॉक्टर, व्यापारी. यातूनच ‘फ्रीमेसन’ ही एकमेकांना भाऊ मानणाऱ्यांची संघटना घडली. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉज ‘गूज अँड ग्रिडआयर्न’ नावाच्या मद्यालयात एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजवरची मुख्य संस्था, स्थापन झाली, असं फ्रीमेसन परंपरा सांगते.

दगड मागे पडला, हत्यारं राहिली. लॉजच्या प्रमुखाला ‘वर्शिपफुल मास्टर’ म्हणतात. त्याच्या गळ्यातल्या पट्ट्याला गुण्या लटकतो. सीनियर वॉर्डनला पाणसळ, ज्युनियर वॉर्डनला ओळंबा. खजिनदाराला किल्ली, चिटणीसाला एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन लेखण्या, आणि दाराबाहेर पहारा करणाऱ्या ‘टायलर’ला तलवार. यांना ‘ज्वेल’ म्हणतात, पण यातलं काहीच त्या माणसाच्या मालकीचं नसतं. वर्ष संपलं की नव्या मास्टरचा पदग्रहण समारंभ होतो, जुना मास्टर त्याला हात धरून सॉलोमन राजाच्या नावाच्या खुर्चीवर बसवतो, आणि पट्टा पुढच्याच्या गळ्यात जातो. मला ही या परंपरेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. मान खुर्चीचा असतो, आणि खुर्ची दरवर्षी रिकामी करायची असते.

त्यातली प्रतीकं मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. भिंत गुण्यात आहे का, ओळंब्यात आहे का, हे आपला मिस्त्री रोजच विचारतो. तोच प्रश्न माणसाच्या वागण्याला लावायचा, एवढंच फ्रीमेसनांनी केलं.

स्वतःचं म्हणून कायमचं मिळतं ते माजी मास्टरचं पदक. त्याची मुदत पुरी झाली की बाकीचे ‘ब्रदर’ वर्गणी काढून ते घडवतात आणि मागे त्याचं नाव कोरून घेतात. इंग्लिश परंपरेत या पदकावर गुण्याखाली एक छोटी पट्टी लोंबते आणि तिच्यावर युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं प्रमेय कोरलेलं असतं. म्हणजे आपण शाळेत शिकलेला पायथागोरसचा सिद्धांत. आपल्याकडेही पाया आखताना दोरीनं तीन, चार, पाच फूट मोजून कोपरा काटकोनात आणतात. पट्टीवर आहे ते नेमकं तेच. स्कॉटिश परंपरेत मात्र प्रमेयाऐवजी कंपास, कमान आणि सूर्य येतो. डबीतला सूर्य तो हा.

हिंदुस्थानात लॉज ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांबरोबर आल्या. कलकत्त्यात १७३०च्या आसपास, मद्रासमध्ये १७५२ साली, मुंबईत १७५८ साली. त्या गोऱ्यांच्या होत्या. अर्काटच्या नबाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याला तिरुचिरापल्लीत दीक्षा मिळाली, तेव्हा लंडनच्या ग्रँड लॉजनं त्याला अभिनंदनाचं पत्र, सभेत कमरेला बांधायचा सजवलेला अ‍ॅप्रन आणि सुबक बांधणीचं नियमांचं पुस्तक भेट पाठवलं. त्यानं फारसीत आभार मानले. पण तो राजघराण्यातला. साध्या हिंदी माणसाला दार बंदच होतं.

मुंबईत ते दार ठोठावलं माणेकजी करसेटजी यांनी. इथल्या युरोपीय लॉजनं त्यांना घेतलं नाही, तेव्हा त्यांनी पॅरिसमध्ये जाऊन दीक्षा घेतली. परत आले तरी इथल्या बाकावर जागा मिळेना. एका संघटनेनं सगळ्यांना भाऊ म्हणायचं आणि सातासमुद्रापलीकडे भाऊ झालेल्या माणसाला घरच्या गावात उंबऱ्याबाहेर उभं करायचं, याची चीड आज वाचतानाही येते.

ती विसंगती डॉ. जेम्स बर्न्स यांना बघवली नाही. ते मुंबई सैन्यातले शल्यवैद्य होते आणि पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजचे प्रमुख. त्यांचा सख्खा भाऊ अलेक्झांडर १८४१ साली काबूलमध्ये जमावाच्या हातून मारला गेला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४३च्या डिसेंबरात, जेम्स यांनी ‘राइझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत काढली, आणि ती काढली हिंदी लोकांना प्रवेश मिळावा म्हणूनच. स्कॉटिश नोंदीतला तिचा क्रमांक ३४२. पहिले मास्टर स्वतः बर्न्स, चिटणीस माणेकजी. या लॉजच्या निमित्तानं एक पदकही तयार झालं आणि त्याचा ठसा लंडनच्या प्रसिद्ध वायन घराण्यातल्या कारागिरानं कोरला. मुंबईच्या लॉजजीवनात गौरवाची पदकं इतकी रुजली, त्याचं मूळ मला इथे दिसतं. ज्यांना आत येऊच दिलं नव्हतं, त्यांना पदकावरच्या नावाची किंमत जास्त कळत होती.

माणेकजींनी पुढे १८६३ साली मुंबईत मुलींसाठी ‘अलेक्झांड्रा’ ही इंग्रजी शाळा काढली. त्यांच्या लॉजमध्ये मात्र बाईला प्रवेश नव्हता, आणि या परंपरेच्या लॉजमध्ये तो आजही नाही. ही उणीव सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हिंदूंचा प्रश्न आणखी रेंगाळला. शपथ एका परमेश्वराला स्मरून घ्यायची. अनेक देव मानणारा ती कशी घेणार, असा आक्षेप होता. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा १८७२ साली त्यांना दीक्षा मिळाली. शपथ आपापल्या धर्मग्रंथावर, हा तोडगा हळूहळू परंपराच बनला. भारतीय ग्रँड लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब आणि अवेस्ता असे पाच ग्रंथ मान्य आहेत.

पहिल्या महायुद्धानंतर पदकांत एक वेगळी भर पडली. युद्धात मेलेल्या तीन हजारांहून जास्त ब्रदरांचं स्मारक म्हणून लंडनला नवं फ्रीमेसन्स हॉल बांधायचं ठरलं. ते १९३३ साली उघडलं. त्यासाठी दर सभासदामागे सरासरी दहा गिनी जमवणाऱ्या लॉजला ‘हॉल स्टोन लॉज’ हा मान मिळे, आणि तिचं पदक त्या त्या वर्षीच्या मास्टरनं गळ्यात घालायचं. साम्राज्यभरातून पैसे गेले. हे पदक कुणा एकट्याचं नव्हतं. ते लॉजबरोबर राहिलं.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत भारताची स्वतःची ग्रँड लॉज स्थापन झाली; रामपूरचे नबाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर. नव्या छत्राखाली यायचं की इंग्लंड-स्कॉटलंडशी नातं ठेवायचं, हे प्रत्येक लॉजवर सोडलं होतं. त्यामुळे मुंबईत आजही तिन्ही परंपरांच्या लॉज आहेत. अ‍ॅप्रनच्या काठावरून कोण कुठला ते ओळखू येतं, कारण स्कॉटिश लॉज आपापला रंग स्वतः निवडते. फोर्टात, स्टर्लिंग सिनेमाच्या जवळच, फ्रीमेसन्स हॉल अजून उभं आहे.

डबीतल्या पदकामागे ३४२ हा आकडा आहे, म्हणजे पणजोबा माणेकजींच्याच लॉजचे मास्टर होते. हे कळल्यावर त्या घरच्या आजींनी पदक चिंचेच्या पाण्यानं उजळलं. आता ते दिवाणखान्यात, पणजोबांच्या तसबिरीखाली ठेवलेलं असतं.