शतपावली, साखर आणि अपुरी झोप

आमच्या सोसायटीतला एक तिशीतला मुलगा रात्री एकला झोपतो आणि पाचला उठून जिमला जातो. भात बंद, पोळ्या मोजून दोन. "झोप काय, रविवारी भरून काढतो," असं परवा लिफ्टमध्ये म्हणाला आणि मला राहवलं नाही. एकीकडची तूट दुसरीकडून भागवता येते, हा समज फार पसरला आहे. पेशीत काय चालतं ते पाहिलं की तो टिकत नाही.

भात असो की भाकरी, तिची साखर रक्तात उतरते. त्यातला मोठा वाटा स्नायूंनी उचलायचा असतो. पण साखर पेशीच्या आवरणातून आपोआप आत शिरत नाही. तिला ग्लुट-४ नावाचं प्रथिन लागतं. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की एरवी बहुतेक ग्लुट-४ आवरणावर नसतंच. ते पेशीच्या आत इवल्या पिशव्यांमध्ये पडून असतं. इन्सुलिन बाहेरून चिकटलं की आत निरोप निघतो. एक विकर (एन्झाइम) दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला, असं करत निरोप एकेटी नावाच्या विकरापर्यंत पोचतो. एकेटीला फॉस्फेट जोडला गेला की पिशव्या आवरणाकडे सरकतात, त्यात मिसळतात, ग्लुट-४ वर येतं आणि साखर आत जाते. सगळं काही मिनिटांत.

चरबीच्या पेशींतही हीच साखळी असते. शिकागोतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सात निरोगी तरुण माणसांना चार रात्री फक्त साडेचार तास अंथरुणात राहू दिलं, मग त्यांच्या पोटावरच्या चरबीचा लहानसा तुकडा काढून त्या पेशींना इन्सुलिन दिलं. पुरेशा झोपेनंतरच्या तुलनेत एकेटीचा प्रतिसाद ३० टक्क्यांनी मंदावला होता. अवघ्या चार रात्रींत!

व्यायामाची वाट वेगळी आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यातलं कॅल्शियम आणि ऊर्जेची टंचाई ओळखणारं एएमपीके हे विकर इन्सुलिनशिवायच ग्लुट-४ वर आणतात. आपल्या शतपावलीत तथ्य आहे ते इथे. २०१३ च्या एका अमेरिकी प्रयोगात साठीपुढच्या दहा जणांना प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं चालायला लावलं. रात्रीच्या जेवणानंतरची साखर सलग ४५ मिनिटं चालण्यापेक्षा त्याने अधिक उतरली. मात्र १५ मिनिटं म्हणजे शंभर नव्हे, दीडेक हजार पावलं.

मग व्यायाम केला, पोळ्या मोजल्या की झोप कमी चालेल? २०१० मध्ये शिकागोतच वजन जास्त असलेल्या दहा प्रौढांना दोन आठवडे कमी उष्मांकाचा आहार दिला. एकदा अंथरुणात साडेआठ तास, एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा तीनेक किलोंनीच घटलं. पण पुरेशा झोपेत चरबी १.४ किलो गेली, अपुऱ्या झोपेत ०.६. बाकीची घट चरबीखेरीजच्या ऊतींची, ज्यात स्नायूही आले. म्हणजे साखर उचलणारा गडीच कमी झाला, आणि वजनकाट्यावर ते दिसतही नाही.

त्या मुलाला म्हटलं, जिम सोडू नकोस, संध्याकाळी सातला जा. पाचचा गजर काढ आणि पोळी तिसरी खा.