उघडत्या पुलातून होडी नेणे

बंदरात किंवा खाडीच्या तोंडाशी रस्त्याचा वा रेल्वेचा पूल जहाजांच्या वाटेत आला, की त्याचा एखादा गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, हलता ठेवतात. तो उघडवून घेऊन, किंवा जमल्यास न उघडता त्याखालून, लहान मोटारबोट पार नेण्याचे एक वेगळे कसब आहे. बघ्यांचे लक्ष वर जाणाऱ्या पुलाकडे असते. होडी चालवणाऱ्याची कसोटी मात्र त्याआधीच लागते, ती वाहत्या पाण्यात जागच्या जागी थांबण्यात.

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही. इथल्या माणसाला असा पूल भेटतो तो बहुधा रामेश्वरच्या यात्रेत. रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा जुना रेल्वेपूल १९१४ मध्ये सुरू झाला. त्याच्या हलत्या गाळ्याला मधोमध दुभंगून वर उचलली जाणारी दोन पाती होती आणि कामगार तरफा फिरवून ती हाताने उघडत. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात पुलाचे बहुतेक गाळे वाहून गेले, हा हलता गाळा मात्र टिकला. एप्रिल २०२५ मध्ये शेजारी सुरू झालेल्या नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा लिफ्टसारखा सरळ १७ मीटर वर जातो. लंडनचा टॉवर ब्रिज (१८९४) पात्यांचा आहे. काही बंदरांत गाळा खांबावर आडवा फिरतो. उचलल्या जाणाऱ्या गाळ्याच्या वजनाला दुसऱ्या बाजूने तोलणारे वजन लावलेले असते. विहिरीवरच्या मोटेपेक्षा हे तराजूच्या जवळचे आहे, त्यामुळे एवढे लोखंड तुलनेने लहान यंत्राने हलते.

होडीवाल्याचा पहिला हिशेब उंचीचा. सागरी नकाशावर दिलेली पुलाखालची मोकळी उंची भरतीच्या एका ठरावीक पातळीपासून मोजलेली असते. ओहोटीला पाणी जितके उतरेल तितकी ती वाढते. मुंबईला मोठ्या उधाणात हा फरक साडेचार मीटरांच्या आसपास जातो, भांगाच्या दिवसांत बराच कमी असतो. सकाळी अडलेली होडी दुपारी पूल न उघडता निघून जाते ती यामुळेच. उजनीच्या जलाशयातही पाणी असेच चढते-उतरते, पण सहा तासांत नव्हे, सबंध वर्षात. उन्हाळ्यात पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, धरण भरले की पुन्हा दिसेनासे होते. पंढरपुरात तर उलटाच प्रकार: उजनी आणि वीर धरणांतून विसर्ग वाढला, की जुना दगडी पूलच चंद्रभागेखाली जातो.

लहान मोटारबोटीला बहुतेक वेळा पूल उघडून लागतच नाही. अडतो तो रेडिओचा अँटेना नाहीतर छताचा सांगाडा, आणि ते खाली घेता येतात. अमेरिकेत तर नियमच आहे, की उतरवण्याजोगे सामान उतरवून होडी खालून जात असेल तर पूल उघडायला सांगायचे नाही. टॉवर ब्रिज निदान ३० फूट उंचीच्या नौकेसाठीच उघडतो, तोही २४ तास आधी कळवल्यास. पैसे मात्र घेत नाहीत. एका होडीपायी दोन्ही काठांवर गाड्यांची रांग लागते, तेव्हा हे नियम रास्तच म्हणायचे.

पूल उघडण्याची विनंती रेडिओवर करतात किंवा भोंग्याने. अमेरिकी पद्धतीत एक लांब आणि एक आखूड भोंगा म्हणजे ‘उघडा’. पुलावरून तसेच उत्तर आले तर होकार, पाच आखूड आले तर नकार. नेदरलँड्समध्ये दिवे बोलतात: लाल म्हणजे बंद, लाल-हिरवा एकत्र म्हणजे उघडण्याच्या तयारीत, हिरवा म्हणजे निघा, आणि एकावर एक दोन लाल म्हणजे आज पूल चालूच नाही.

यानंतरचे थांबणे सर्वांत अवघड. मागे लावलेल्या मोटारीच्या होडीला बहुधा वेगळे सुकाणू नसते. पंखा फिरत असेल तरच ती वळते. गिअर काढला की ती वाऱ्याची आणि प्रवाहाची. म्हणून नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, प्रवाहाकडे धरून, पाणी मागे ढकलते तेवढाच जोर देत राहतात. प्रवाह पुलाकडे ओढत असेल तर तोंड फिरवून, पुलाकडे पाठ करून, बरेच अंतर राखून उभे राहावे लागते. नवखे लोक इथेच चुकतात. खांबाला आडवी लागलेली होडी प्रवाहाने तिथेच दाबली जाते आणि वरच्या अंगाला कलून भरते. अमेरिकेतील मोठ्या नद्यांवर प्रवाहाबरोबर येणाऱ्या नौकेला आधी वाट देतात, कारण तिला थांबणे कठीण.

खांबांमध्ये पाणी आवळले जाऊन वेग घेते, खांबांच्या मागे भोवरे उठतात. म्हणून गाळा पूर्ण उघडल्यावर मधोमध आणि थोडा जास्तच जोर देऊन जातात. फार हळू गेलेली होडी हाताला जुमानत नाही. मोटार बंद पडलीच तर नांगर हाताशी हवा आणि कडेला जुने टायर बांधलेले हवेत. लाइफ जॅकेट निघतानाच घालायचे असते. हे करमाळ्याकडच्या लोकांना वेगळे सांगायला नको: २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले.

नेदरलँड्समध्ये काही पुलांवर अजून पथकर घेतात. पूलवाला गळाच्या काठीला लाकडी जोडा बांधून तो होडीवर सोडतो, आणि त्यात नाणी टाकायची असतात. सगळा खटाटोप करून गाळ्यात शिरलेल्या होडीवाल्याला नेमके तिथेच वेग कमी करून एक हात मोकळा करावा लागतो.