ताप तोच, आजार वेगळा

सहा महिन्यांच्या बाळाला ताप आला, तर त्यामागे साधी विषाणूजन्य सर्दी असू शकते, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो, न्यूमोनिया असू शकतो आणि क्वचित मेंदूज्वरही असू शकतो. पहिल्या काही तासांत या चारही आजारांत बाळ जवळजवळ सारखेच दिसू शकते : अंग तापलेले, दूध पिणे कमी झालेले, किरकिर वाढलेली. मोठा माणूस कुठे दुखते ते सांगतो, कालच्यापेक्षा आज बरे वाटते की नाही तेही सांगतो. बाळाकडून यांपैकी काहीच मिळत नाही. म्हणून बालरोगतज्ज्ञाचे निदान स्वतःचे निरीक्षण, आईवडिलांनी सांगितलेली हकीकत आणि आजाराने दिवसागणिक घेतलेले वळण या तीन गोष्टींवर उभे राहते. यांतील तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची असूनही तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, असे मला वाटते.

तपासणी मात्र मुलाला हात लावण्यापूर्वीच सुरू झालेली असते. आईच्या मांडीवरचे मूल आजूबाजूला पाहते का, श्वास घेताना त्याला कष्ट पडतात का आणि त्याची त्वचा फिकट किंवा निळसर दिसते का, या तीन निरीक्षणांतून आजाराच्या गांभीर्याचा पहिला अंदाज काही सेकंदांत येतो. मूल रडू लागले की श्वास आणि नाडी दोन्ही वाढतात, म्हणून श्वास आधी, मूल शांत असताना आणि पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार खोकला असलेल्या दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण मानले जाते. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आजार आणखी गंभीर समजतात. क्ष-किरण यंत्र नसलेल्या ठिकाणी केवळ घड्याळाच्या आधारे न्यूमोनियाचा संशय घेता येतो, ही वैद्यकशास्त्राची मोठी कमाई आहे.

वयाचा विचार याहूनही कठोरपणे करावा लागतो. जन्मानंतरच्या पहिल्या 28 दिवसांत बाळाचे तापमान 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक भरले, तर बाळ वरकरणी ठीक दिसत असले तरी त्याला सहसा रुग्णालयात ठेवून रक्त, लघवी आणि पाठीच्या कण्यातील द्रव तपासला जातो, कारण या वयातील रोगप्रतिकारशक्ती अपुरी असते आणि जंतुसंसर्ग काही तासांत शरीरभर पसरू शकतो. कधी कधी संसर्ग झालेल्या नवजात बाळाला ताप न येता त्याचे अंग थंड पडते. याउलट तीन वर्षांचे मूल तेवढ्याच तापात खेळत आणि पाणी पीत असेल, तर नीट तपासणी आणि वजनानुसार पॅरासिटामॉल एवढे बहुतेक वेळा पुरते.

मुलांच्या शरीराचे आणखी एक वैशिष्ट्य निदान अवघड करते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी होऊ लागले की मुलाचे हृदय वेगाने धडधडते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब बराच काळ टिकून राहतो. तो उतरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून डॉक्टर रक्तदाब घसरण्याची वाट पाहत नाहीत. खोल गेलेले डोळे, चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश पूर्ववत होणारी पोटाची त्वचा, थंड पडलेली बोटे आणि कमी झालेली लघवी यांवरून ते निर्णय घेतात. मूल पिऊ शकत असेल, तर जलसंजीवनी, म्हणजे ठरावीक प्रमाणात साखर आणि क्षार घातलेले पाणी, हाच मुख्य उपचार ठरतो. आतड्याच्या पेशी साखर आत घेताना तिच्याबरोबर सोडियमही आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषले जाते. जुलाब चालू असतानाही ही यंत्रणा बहुतांशी शाबूत राहते. मूल गळून गेले असेल, तर मात्र शिरेतून सलाइन द्यावे लागते.

आता काळाकडे वळू. लहान बाळांच्या बारीक श्वासनलिकांना सूज आणणारा ब्राँकिओलायटिस हा विषाणूजन्य आजार साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक वाढतो आणि नंतर ओसरू लागतो. त्यावर प्रतिजैविके उपयोगी पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी बाळाला पाहणाऱ्या डॉक्टरांनी आजार अजून वाढेल हे आधीच सांगितले आणि कोणत्या लक्षणांवर तातडीने परत यायचे तेही सांगितले, तर त्यांनी उपचाराचा मोठा भाग पार पाडला असे म्हणता येईल. ‘उद्या पुन्हा दाखवा’ या वाक्यामुळे पालकांना निदान टाळले जात असल्याची शंका येते. वस्तुतः ती फेरतपासणी निदानाचाच भाग असते. एका सामान्य विषाणूजन्य आजारात तीन-चार दिवस जोराचा ताप येतो आणि तो उतरल्यावरच अंगावर गुलाबी पुरळ उमटते. पुरळ दिसण्यापूर्वी त्याचे नाव खात्रीने सांगणे कुणालाही कठीणच असते.

काळाचे हेच भान दुर्मिळ आजार पकडण्यास उपयोगी पडते. जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांना 1961 मध्ये एका चार वर्षांच्या मुलात लक्षणांचा असा समूह आढळला, की तो कोणत्याही परिचित आजारात बसत नव्हता. तसेच रुग्ण पुन्हा दिसत गेले, त्यांच्या नोंदी ते ठेवत गेले आणि 1967 मध्ये त्यांनी 50 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज कावासाकी आजार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे निश्चित निदान करणारी एकही रक्तचाचणी नाही. पाच दिवस किंवा अधिक टिकलेला ताप आणि त्यासोबत पू नसलेले लाल डोळे, लालभडक ओठ व जीभ, अंगावर पुरळ, हातापायांची सूज किंवा लाली आणि मानेत मोठी गाठ या पाचांपैकी चार लक्षणे, असा निकष वापरला जातो. खरी अडचण अशी, की ही लक्षणे एकाच दिवशी दिसतीलच असे नाही. सोमवारी आलेले पुरळ गुरुवारपर्यंत मावळलेले असते आणि त्याबद्दल विचारले नाही तर ते कुणी सांगतही नाही. उपचार न झालेल्या सुमारे 25 टक्के मुलांमध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांना इजा होते. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे) दिले, तर हे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांपर्यंत खाली येते. आईवडिलांनी मोबाइलवर काढलेले पुरळाचे छायाचित्र आणि तापाची तारीखवार नोंद येथे अत्यंत उपयोगी पडते.

परिचित रूप घेऊन येणाऱ्या गंभीर आजारांची अशी आणखीही उदाहरणे आहेत. रात्री अंथरूण ओले करणे थांबलेल्या मुलाने ते पुन्हा सुरू केले आणि त्याची तहान वाढली, तर रक्तातील साखर त्याच दिवशी तपासायला हवी. पोटात कळ येऊन पाय पोटाशी घेणारे, मध्येच शांत होणारे आणि हळूहळू मलूल होत जाणारे बाळ आतड्यात आतडे अडकल्याचे सुचवते. सोनोग्राफीने ते कळते आणि अनेकदा गुदमार्गाने हवेचा दाब देऊन शस्त्रक्रियेविना सोडवता येते. डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी झाक डोळ्याच्या कर्करोगाची असू शकते.

काही आजारांत मात्र लक्षणांची वाट पाहणेच घातक ठरते. नॉर्वेतील आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी 1934 मध्ये बौद्धिक वाढ खुंटलेल्या दोन भावंडांच्या लघवीत एक असामान्य रसायन शोधले. फिनाइलअॅलनिन हे अमिनो आम्ल शरीरात साठत गेल्यामुळे त्यांच्या मेंदूला इजा झाली होती. पुढे आहारातून हे आम्ल मर्यादित ठेवल्यास इजा टळते असे दिसून आले, परंतु त्यासाठी आहार जन्मानंतर लगेच सुरू करणे आवश्यक होते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गथ्री यांनी टाचेला टोचून कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावर करता येणारी चाचणी तयार केली आणि सुदृढ दिसणाऱ्या नवजात बाळांची सरसकट तपासणी शक्य झाली. स्नायूंचे नियंत्रण करणाऱ्या चेतापेशी नष्ट करणाऱ्या एका जनुकीय आजारावरही आता औषधे आणि जनुकीय उपचार उपलब्ध आहेत. नष्ट झालेल्या पेशी परत मिळत नाहीत, त्यामुळे लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार मिळालेली मुले उशिरा उपचार मिळालेल्या मुलांपेक्षा कितीतरी चांगली वाढतात.

अनेक दुर्मिळ आजारांवर आजही नेमका उपचार नाही, तरीही त्यांचे नाव शोधण्यास अर्थ आहे. निदान झाले की नव्या-नव्या तपासण्यांचे चक्र थांबते, मुलाला कोणती औषधे द्यायची नाहीत आणि तापात किती वेळापेक्षा जास्त उपाशी ठेवायचे नाही, हे लेखी ठरवून देता येते, फिजिओथेरपी आणि आहार यांची आखणी होते. आईवडील दोघेही एकाच सदोष जनुकाचे वाहक असतील, तर पुढच्या प्रत्येक गर्भधारणेत तोच आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, हेही त्यांना निर्णय घेण्यापूर्वी सांगता येते.